तारी येतो म्हणाला

बारा वर्षे मी साखळीजवळच्या एका खाणीच्या वजनकाट्यावर बसलो. खनिजाचा ट्रक काट्यावर चढला की आकडा वहीत लिहायचा, ड्रायव्हरला पावती द्यायची आणि पुढच्याला हात करायचा, एवढेच काम. पण एवढ्या कामातही माणूस पुरता बिघडतो. काट्याच्या कडेला कुणी पाय टेकवून उभा आहे का, पावतीवरचा तीन आधी दोन होता का, हे बघायची डोळ्यांना जी सवय लागते ती लागतेच. खाणी बंद पडल्या, काटा गंजला, मी एका हार्डवेअरच्या दुकानात बिले फाडायला बसलो, तरी सवय काही सुटली नाही. बायको म्हणते, देवळात तीर्थ घेतानासुद्धा तुमचे लक्ष पळीत किती आले याकडेच असते. खोटे बोलत नाही ती.

हे आधीच सांगून टाकले, म्हणजे पुढे मी जे वागलो त्याचे कुणाला नवल वाटायला नको.

आम्ही चौघे दर रविवारी दुपारी हरमलला एक खेळ खेळतो. त्याला पट नाही की सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसे होतात. सांगणारा म्हणतो, समोर खाडी आहे, पलीकडे दिवा हलताना दिसतो आहे, काय करता? मग ज्याने त्याने आपले पात्र काय करते ते बोलायचे. ते जमले की फसले हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. एकच गोष्ट अशी वर्षानुवर्षे पुढे सरकते. आमची गोष्ट एका तांबड्या पाण्याच्या खाडीच्या काठाने चालली आहे, आणि तिला अजून शेवट दिसत नाही.

गोष्ट सांगणारा हरमलचाच. समुद्राकडच्या वाटेवर त्याच्या भाड्याच्या खोल्या आहेत. फार वर्षांपूर्वी एक गोरा पाहुणा त्याच्याकडे दोन महिने राहिला आणि जाताना या खेळाचे पुस्तक आणि फाशांची पिशवी मागे ठेवून गेला. विसरला की मुद्दाम ठेवून गेला, याचा मी बरेच दिवस विचार केला होता. आम्ही खोल्यांच्या मालकाला सूत्रधार म्हणतो. खेळात एकमेकांना पात्रांच्या नावांनीच हाक मारायची पद्धत पडली, ती घरीदारी आणि बाजारातही तशीच चालू राहिली. म्हणून इथेही तीच नावे. मी चोर. स्वभावाला धरून घेतलेले पात्र, असे सगळे म्हणतात.

तिसरे तारीकाका. तारी म्हणजे होडीतून माणसे पलीकडे नेणारा. आमच्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, पेडण्याच्या आतल्या एका गावचे, आणि सगळी हयात दशावतारी नाटकात राजपार्ट केलेले. दशावतारात संहिता नसते. कथानक तेवढे आधी ठरते आणि नट रंगमंचावर उभा राहून आयत्या वेळी भाषण रचतो. त्यामुळे या खेळात तारीकाकांना शिकवायला काही उरलेच नव्हते. त्यांनी बोलायला तोंड उघडले की डोक्यावरच्या पंख्याची घरघरही कानावर पडेनाशी व्हायची. एकदा त्यांच्या तारीने एका राक्षसाला नुसते बोलून बोलून होडीत बसवले आणि मध्यावर नेऊन उतरवले. फासा टाकायची आठवणसुद्धा आम्हाला राहिली नाही.

त्या वर्षी तारीकाकांचा आवाज जायला लागला होता. आधी घोगरा झाला, मग वाक्याच्या शेवटी तुटायला लागला. विचारले की म्हणायचे, जत्रांचे दिवस आहेत, बसला आहे, उघडेल. जत्रा संपल्या, पण आवाज उघडला नाही. हे मला दिसत होते, ऐकू येत होते. आणि मी मात्र माझ्या वहीची राखण करत बसलो होतो.

वहीचे असे. एवढी लांब गोष्ट लक्षात ठेवायची तर कुणीतरी लिहायला हवे. कोण कुठे आहे, कुणाच्या पोतडीत काय आहे, कुणाला कुठे जखम झाली, कुणी कुणाला काय वचन दिले, हे सगळे पहिल्या दिवसापासून मी लिहीत आलो होतो. लांब आकाराच्या, लाल पुठ्ठ्याच्या वह्या, काट्यावर वापरायचो तसल्याच. पोर्तुगीज अमदानीत कचेरीत दप्तर लिहिणाऱ्याला इस्क्रिवांव म्हणत, म्हणून तारीकाका मला इस्क्रिवांव म्हणायचे. वाद झाला की सगळे माझ्याकडे वळायचे. मी वही उघडून बोट ठेवायचो आणि वाद मिटायचा. खाण गेल्यावर माझ्या शब्दाला असा मान देणारी तेवढी एकच जागा उरली होती. हे मी तेव्हा कबूल केले नसते.

मग सूत्रधाराची मुलगी खेळात आली. ती पणजीला संगणकाच्या नोकरीत, रविवारी घरी. तिने वैदिणीचे पात्र घेतले, आणि तिसऱ्याच रविवारी टेबलावर फोन ठेवून म्हणाली, आता लिहायला नको.

तिने इकडचे तिकडचे तुकडे जोडून एक यंत्रणा उभी केली होती. फोन आमचे बोलणे टिपायचा. एक प्रोग्राम त्या बोलण्याचे अक्षरांत रूपांतर करायचा. दुसरा ते वाचून कोण कुठे गेला, कुणाकडे काय आले, कोण जखमी झाला, ते काढायचा. सोमवारी सकाळी सात वाजता, कुणी हातही न लावता, सगळी हकीकत आणि सगळ्यांची यादी आमच्या फोनवर येऊन पडायची.

"ह्यो नवो इस्क्रिवांव बरो असा," तारीकाका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "चाय मागना नाय."

सगळे हसले. मीही हसलो. पण नाव गेले, हे माझ्या लक्षात आले होते. असे नाव जाताना मी आधी एकदा पाहिले आहे. काट्यावर संगणक आला तेव्हा सहा महिने मला त्याच्या शेजारी बसवले होते, वही घेऊन, पडताळणीसाठी म्हणून. सातव्या महिन्यात माझी खुर्ची नेली.

"तुमी लिवा चोरकाका," मुलगी म्हणाली. "ता आपला काम करतला."

अगदी हेच काट्यावरचा साहेबही म्हणाला होता.

पहिल्या सोमवारी हकीकत आली ती मी दुकानात काउंटरखाली धरून तीनदा वाचली. चुका सापडल्या आणि जिवाला बरे वाटले. आमचा खेळ चालू असताना पोदेर, म्हणजे सायकलवर पाव विकणारा, भोंपू वाजवत आला होता, आणि सूत्रधाराच्या बायकोने जनेलातून, म्हणजे खिडकीतून, ओरडून सहा उंडे, म्हणजे गोल पाव, मागितले होते. यंत्राने लिहिले होते: पोदेर हा नवा साथीदार येऊन मिळाला, त्याच्याजवळ सहा उंडे आहेत. सूत्रधाराला ते इतके आवडले की त्याने पोदेराला खरेच गोष्टीत घेतले. मला हे मुळीच आवडले नाही. चूक झाली तर ती खोडायची सोडून तिला जेवायला वाढायचे, हा कुठला कारभार?

दुसरी चूक जास्त मजेची होती. यादीत प्रत्येकाच्या नावापुढे 'सध्या कुठे' असा रकाना होता. दर सोमवारी त्यात सगळ्यांपुढे एकच: येत आहे. चोर येत आहे, वैदीण येत आहे, तारी येत आहे. कुठून येत आहेत आणि कुठे, कुणालाच कळेना. मला वाटले, बापलेकीने मिळून पुढचे काही कारस्थान रचले आहे आणि ते चुकून बाहेर पडले. दोन रविवार मी त्या दोघांच्या तोंडांकडे बघत खेळलो. तिसऱ्या रविवारी निघताना चप्पल घालता घालता माझ्याच तोंडून "येतां हां" निघाले, आणि उलगडा झाला.

आमच्याकडे घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. अशुभ म्हणून म्हणत नाही. मी म्हणतो येतां, तारीकाका म्हणतात येतंय, घाटावरचा म्हणेल येतो. यंत्र बिचारे ऐकत होते ते खरे मानत होते. सगळे येतो म्हणून उठले, म्हणजे सगळे येत आहेत.

त्या दिवशी मी चप्पल काढून परत आत गेलो. मुलीला म्हटले, तुझ्या यंत्राला शिकव. खेळ संपताना कुणी येतो म्हणाला, की गेला असे लिहायचे. तिने तिथल्या तिथे नियम घातला. मग मी आणखी एक अट घातली. काट्यावर पावतीत खाडाखोड झाली तर तिथे सही लागायची. तसे, यंत्राने लिहिलेल्यात कुणी हाताने काही बदलले तर खाली तसे छापून आले पाहिजे. तिने तेही केले. बारीक अक्षरांत: हाताने दुरुस्त.

"तुमच्यासारख्या मनशाक पोलिसात घेवक होया होता," ती म्हणाली.

तेव्हापासून सोमवारच्या यादीत चोर गेला, वैदीण गेली, तारी गेला असे बरोबर यायला लागले. हा नियम माझा, असे मी दोन-तीन वेळा सगळ्यांना ऐकवलेसुद्धा.

पण पाणी मुरत होते. महिनाभराने माझ्या ध्यानात आले की हकिकतीत चोराचे काही येतच नाही. मी कुलपे उघडली, पहारेकऱ्याच्या कमरेची चावी काढली, ते सगळे गायब. तारी काय म्हणाला ते मात्र शब्द न् शब्द, पानभर. नीट बघितले तर फोन टेबलाच्या मधोमध नसायचाच. तो तारीकाकांच्या पुढ्यात, त्यांच्या छातीला टेकेल इतका जवळ. मी जनेलाजवळ, रस्त्याच्या अंगाला. एकदा मी सहज म्हणून फोन मधे सरकवला. दोन मिनिटांनी मुलीने, माझ्याकडे न बघता, तो परत सरकवून पहिल्या जागी नेला.

मग आणखी दिसायला लागले. चहाच्या वेळी ती आणि तारीकाका बाहेर बलकांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, जाऊन बोलत बसायचे आणि मी दारात आलो की गप्प व्हायचे. तारीकाका खेळात पूर्वीपेक्षा लांब लांब बोलायला लागले होते. आवाज फाटत होता, मध्येच खोकला येत होता, तरी थांबत नव्हते. पूर्वी न सांगितलेल्या गोष्टी सांगायचे. तारीच्या बापाची, तारीच्या पहिल्या होडीची. कधी कधी तर नाटकातली भाषणेच तारीच्या तोंडी घालायचे. सूत्रधार त्यांना अडवत नव्हता. मला वाटले, हे ठरवून चालले आहे. गोष्टीचा नायक तारीला करायचा आणि चोराला कडेला लावायचे. यंत्रात जे नाही ते वर्षभराने कुणाला आठवणार? पुढे मी वहीवर बोट ठेवले तर म्हणतील, यंत्र तर असे सांगत नाही.

आज हे लिहितानाही मला लाज वाटते, पण तेव्हा अगदी असेच वाटत होते.

म्हणून मी गुपचूप दुसरी वही काढली. पहिलीत गोष्ट, दुसरीत यंत्राचा हिशेब: रविवारी काय झाले आणि सोमवारी यंत्राने काय लिहिले, समोरासमोर. खेळताना माझी मान वर होईना. कोण कसे बोलले, कुणाचा चेहरा कसा होता, यातले काही मला आता आठवत नाही. कोण काय बोलले ते मात्र सगळे लिहिलेले आहे.

असाच एक रविवार. गोष्टीत आम्ही तांबड्या खाडीच्या सगळ्यात रुंद मुखाशी पोचलो होतो. तारीने आम्हाला पलीकडे नेले. उतरताना त्याने वल्हे चोराच्या हातात दिले. पुढची खाडी तू पार कर, असे काहीतरी म्हणाला. मी लिहिले: वल्हे, एक, चोराकडे. तारीकाकांचा आवाज त्या दिवशी इतका बारीक झाला होता की सूत्रधाराने पंखा बंद केला. मग तारीकाका उठले. अजून साडेपाचच झाले होते, त्यांची पेडण्याची बस सव्वासहाची. मी मान खाली घालून लिहिले: तारीकाका लवकर निघाले. येतंय म्हणाले ते ऐकले, "बरें" म्हटले आणि लिहीत राहिलो.

सोमवारी सात वाजता हकीकत आली. शेवट असा: तारीने वल्हे चोराच्या हाती दिले. तारी गेला.

मी ते दुसऱ्या वहीत उतरवून घेतले. माझ्या नियमाप्रमाणे, बरोबर. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हते म्हणून पुन्हा फोन उघडला. यादी बदलली होती. चोर गेला, वैदीण गेली, आणि तिसऱ्या ओळीत: तारी येतो म्हणाला. खाली बारीक अक्षरांत: हाताने दुरुस्त.

काट्यावर बारा वर्षांत मी अशी चोरी रंगेहाथ दोनदाच पकडली होती. ही तिसरी. आनंद झाला, हे लपवत नाही. सगळ्यांना एक नियम आणि तारीला दुसरा. तारीला गोष्टीत धरून ठेवायचे आहे, आता हे कागदावर आले होते. तिने ते लपवलेही नव्हते, शिक्का तसाच ठेवला होता. याचा तर मला जास्तच राग आला. आठवडाभर मी मनातल्या मनात वाक्ये जुळवली.

पुढच्या रविवारी तारीकाका आले नाहीत. नाटक असेल कुठे सावंतवाडीकडे, असे मला वाटले. मला ते सोयीचेच होते. सूत्रधाराने फासे काढायच्या आत मी दुसरी वही टेबलावर ठेवली, उघडली आणि बोट ठेवले. सकाळी सात वाजता हे. दुपारी हे. हाताने दुरुस्त.

"हें कोणे बदललें?" मी विचारले. मग थांबलो नाही. फोन तारीकाकांपुढेच का ठेवतेस, माझी कुलपे कुठे गेली, बलकांवावर काय ठरते, सगळे एका दमात विचारले. यंत्र खोटे लिहीत नसेल, पण यंत्राच्या पाठीमागे बसलेले माणूस लिहिते, असेही म्हणालो. सूत्रधार आधी हसत होता. मग त्याने मुलीकडे बघितले आणि हसायचा थांबला.

"मीच बदललंय," ती म्हणाली.

"कित्याक?"

फोन तिच्या हातात होता, ती त्याच्यावर अंगठा फिरवत राहिली. मी वही तिच्याकडे आणखी पुढे सरकवली. तेव्हा ती म्हणाली, "काकांनी कोणाक सांगा नको म्हटल्यानी. पण आता तुमका सांगतंय."

तारीकाकांच्या कंठात गाठ होती. डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढायची ठरवली होती, आणि ते त्यांना तीन महिने आधीपासून ठाऊक होते. त्यांनी तिला एकटीला सांगितले, कारण फोन तिचा होता. जन्मभर नाटकात बोलले, पण त्यातले एक अक्षर कुठे उरले नव्हते. कोण टिपून ठेवणार? आता उरला आहे तेवढा आवाज तरी धरून ठेव, म्हणाले. घरी कुणी टिपायला बसले की त्यांना बोलणे सुचायचे नाही, रडू यायचे. इथे तारी होऊन बोलताना सुचायचे. म्हणून फोन त्यांच्या छातीशी. म्हणून तारीच्या बापाची गोष्ट, नाटकातली भाषणे. माझी कुलपे रस्त्याच्या आवाजात बुडाली होती, बाकी काही नाही.

"सोमवारी सकाळी काकांनी इस्पितळात्सून फोन केल्यानी," ती म्हणाली. "म्हणाक लागले, चेडवा, मी गेलंय म्हणान लिवलां हा तुझ्या इस्क्रिवांवान. उद्या माका टेबलार घालतले. आज तरी गेलो म्हणान लिवू नको."

तारी गेला. आमच्याकडे माणूस मेला की असेच म्हणतात. तो नियम माझा होता. चप्पल काढून परत आत जाऊन मी तो घालायला लावला होता.

मी वही परत माझ्याकडे ओढली. ती वाईट पोर नाही. मी मागितले नव्हते तरी तिने त्या रविवारचे शेवटचे काही क्षण फोनवर लावले. बहुधा राग होता म्हणून लावले असतील, आणि तो असायलाच हवा होता. पंखा बंद होतो. तारीकाका, जेमतेम ऐकू येईल असे, म्हणतात, "ह्या वल्हां धर चोरा. फुडली खाडी तुकाच पार करूक व्हयी." मग कागदावर पेन चालल्याचा आवाज, अगदी स्पष्ट. माझे पेन. मग तारीकाका, तारीच्या नव्हे, स्वतःच्या आवाजात, "चोरा, वही ठेव बाजूक. माझ्याकडे बघ मरे जरा." पेन चालूच. खुर्ची सरकल्याचा आवाज. "बरां. लिव तू. येतंय."

आणि मी म्हणतो, "बरें."

एवढ्या जवळून बोललेले मला ऐकू आले नव्हते, आणि ज्या यंत्रावर मी पाळत ठेवून होतो त्याने ते ऐकले होते. सूत्रधार उठून आत चहा सांगायला गेला. मी दुसरी वही मिटून पिशवीत टाकली. मुलीची माफी मागायला हवी होती, पण त्या दिवशी मागता आली नाही. पुढच्या रविवारी मागितली.

सूत्रधार आणि मी इस्पितळात जाऊन आलो. तारीकाका झोपलेले होते, गळ्याला पट्ट्या. त्यांच्या बायकोने बाहेरच बसवले. निघताना मी तिला "येतां" म्हणालो आणि माझा मलाच तो शब्द जड झाला.

मुलीने नियम काढून टाकला. आम्ही तिघेच खेळत राहिलो, पण गोष्ट फारशी पुढे नेली नाही. सूत्रधार आम्हाला त्याच काठावर या ना त्या कारणाने अडकवून ठेवायचा. वल्हे माझ्या पोतडीत होते. दर सोमवारी सात वाजता यादी यायची आणि मी बाकी काही न वाचता तिसरी ओळ बघायचो. तारी येतो म्हणाला. इतके आठवडे तेच. मला मग भलत्याच शंका यायला लागल्या. येतील का? की आपण सगळे मिळून एक खोटी नोंद जपतो आहोत?

आणि एका रविवारी दोन वाजता सूत्रधाराच्या बलकांवावर ते उभे होते. गळ्याभोवती पांढरा पंचा, अंगाने निम्मे झालेले, मुलगा सोडायला आलेला. आपल्या जागी बसले. सवयीने मुलीने फोन त्यांच्या पुढ्यात ठेवला, आणि ठेवल्यावर तिचे तिलाच कळले. तिने तो उचलायला हात नेला. तारीकाकांनी तिच्या हातावर हात ठेवून तो तिथेच राहू दिला. मग माझ्याकडे हात पसरला. मला कळेना काय मागतात. त्यांनी हवेत लिहून दाखवले.

मी लाल वही दिली, पेन दिले. त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिले, वही फिरवून माझ्यापुढे ठेवली आणि ओळीवर बोट ठेवले, अगदी मी ठेवायचो तसे. मोठ्याने वाच, अशी खूण केली. मी वाचले.

"इलंय. वल्हां दी."

त्या दुपारभर ते लिहीत गेले आणि मी वाचत गेलो. माझ्या काट्यावरच्या आवाजात त्यांची वाक्ये कशीतरीच वाटत होती. एका जागी मी सपाट वाचले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, पान परत पुढे केले आणि पुन्हा वाचायला लावले. तीनदा वाचले तेव्हा त्यांचे समाधान झाले. चोराचे काही करायला मला सवड मिळाली नाही. निघताना त्यांनी वहीत लिहिले, येतंय. तेही मीच वाचले.

सोमवारी सात वाजता हकीकत आली. यंत्राने ऐकले ते लिहिले होते. आवाज माझा, म्हणून सगळे चोराच्या नावावर. चोर म्हणाला, इलंय. चोराने वल्हे मागितले. चोर शेवटी म्हणाला, येतंय. तारीची ओळ जिथल्या तिथे: तारी येतो म्हणाला.

मी मुलीला फोन केला, म्हटले, चूक आहे. ती म्हणाली, ठाऊक आहे, मुद्दाम ठेवली आहे, तुम्हीच करा. आणि कुठे दाबायचे ते तिने सांगितले.

दुकान उघडायचे होते. शटर अर्धेच वर करून मी आत स्टुलावर बसलो. चोराच्या नावावरची त्यांची सगळी वाक्ये एकेक करून तारीच्या नावावर चढवली. वही समोर उघडी होती, त्यांच्या अक्षरातली. मग तिसरी ओळ खोडून तिथे लिहिले: तारी आला.

खाली बारीक अक्षरांत आपोआप छापून आले, हाताने दुरुस्त. ते मी राहू दिले.